रेल्वेचा भराव, सहा फुटी टेबलावर

भाच्याने पहिला भराव केला तो टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा. चौकोनी पट्टी कापली, हिरवा रंग फासला, वर खेळण्यातल्या आगगाडीचा रूळ ठेवला आणि मला फोटो पाठवला. "मामा, रेल्वे एम्बँकमेंट!" मी उलट लिहिलं, "ही सोसायटीची कंपाउंड वॉल आहे."

माझी नोकरी रुळांच्या खात्यात गेली. त्यातली बरीच वर्षं दौंड–मनमाड पट्ट्यात, काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचा रूळ तिच्यासोबत खालीवर होतो. पावसाळी गस्तीचा माणूस रात्री "साहेब, बँक बसलीय" म्हणत आला (रुळाखालच्या मातीच्या बांधाला, म्हणजे भरावाला, खात्यात बँकच म्हणतात) की शर्टाची बटणं वाटेत लावत निघायचं. असा जन्म काढल्यावर भिंतीला कुणी भराव म्हटलेलं सहन होत नाही. पुढच्या शनिवारी कटर आणि स्टीलची पट्टी पिशवीत टाकून मी हिंजवडीला त्याच्या फ्लॅटवर गेलो.

भाचा आणि त्याचे तीन मित्र टेबलावर लढाया खेळतात. टेबल सहा फूट बाय चार फूट. सैनिक १:७२ प्रमाणाचे, म्हणजे माणूस साधारण २४ मिमी उंच. चाल टेपने मोजायची, गोळीबाराचा निकाल फाशांवर लावायचा. त्यांना मांडायची होती मनासासची दुसरी लढाई. अमेरिकेचं यादवी युद्ध, व्हर्जिनिया, २८ ते ३० ऑगस्ट १८६२. या लढाईत दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने आपली फौज एका अर्धवट सोडलेल्या रेल्वेमार्गाच्या आडोशाला बसवली होती. मनासास गॅप रेलरोडला अलेक्झांड्रियापर्यंत स्वतःची वेगळी लाइन हवी होती. टेकड्यांतून वाट काढणारी कटिंगं खणली, भराव टाकले आणि पैसे संपले. रूळ पडलेच नाहीत. उत्तरेच्या जनरल जॉन पोपची फौज २९ आणि ३० तारखेला त्या मातीवर धडका देत राहिली. ३० तारखेला 'डीप कट' नावाच्या कटिंगजवळ जॅक्सनच्या काही तुकड्यांच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्यांनी तिथेच पडलेले दगड उचलून समोरच्यांवर फेकले.

पैशाअभावी थांबलेलं रेल्वेचं काम मला काही नवीन नाही. पण पहिल्यांदा भराव करणाऱ्याला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. रूळ नाहीत, रुळाखालचे आडवे स्लीपर नाहीत, खडी नाही. नुसती माती. रूळ घ्यायला गेलात की खर्च तिथेच होतो, आणि नवशिक्याच्या चुकाही रुळाच्या रेषेत सगळ्यात आधी दिसतात.

कटर हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा: ही माती आली कुठून? भराव टाकणारा कंत्राटदार माती आकाशातून आणत नाही. एक तर पुढच्या टेकडीतलं कटिंग खणून ती इथे ओततो, नाहीतर भरावाच्या बाजूलाच खड्डे घेतो. जुन्या कुठल्याही लाइनने गाडीतून जा, खिडकीतून भरावाला लागून डबकी दिसतात, लांबट, एकापुढे एक, कुठे कमळं, कुठे म्हशी. ती तळी नव्हेत, ते भरावाचे खड्डे. टेबलावर भराव खोटा दिसतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. सपाट हिरव्या कापडावर मातीचा ढीग उभा असतो आणि आजूबाजूला एक ओरखडा नसतो.

दुसरी गोष्ट माथ्याची. भाच्याने दोन्ही टोकांना भराव उतरवत उतरवत टेबलापर्यंत आणला होता, घसरगुंडीसारखा. मी विचारलं, "यावर इंजिन चढणार कसं?" बोर घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फुटांत एक फूट, आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. या हिशेबाने एक फूट लांबीच्या तुकड्यावर भरावाने फार तर ८ मिमी चढावं. याने एका फुटात ४० मिमी उतरवला होता. भरावाचा माथा जवळजवळ सपाटच असतो, वरखाली होते ती खालची जमीन. जमीन खाली गेली की भराव उंच दिसतो, जमीन वर आली की तोच माथा कटिंगमध्ये शिरतो. म्हणून टेबलाच्या दोन्ही कडांना भराव पूर्ण उंचीवर तसाच कापून सोडा. तो पुढे गेलेला आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. मध्येच संपवायचा असेल तर शेजारी टेकडी ठेवून तिच्यात शिरवा.

आमच्या १८६२च्या भरावाला मात्र एक सूट आहे. काम अर्धवट राहिलं, तेव्हा तो मध्येच तुटला तरी चालतो. मनासासच्या त्या लाइनवर 'द डंप' नावाची जागा आहे. तिथे भरावात खिंडार राहिलं होतं आणि दगडांचे ढिगारे पडले होते. फेकलेले दगड त्या भागातलेच. आमच्या सहा तुकड्यांपैकी एक असा तुटका आहे आणि खेळात सगळ्यात जास्त माणसं तिथेच मरतात.

आता मापं. खरा भराव साधारण २ला १ उताराचा असतो, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसरतो. टेबलावर हे तंतोतंत केलं तर भरावच अर्धं मैदान खातो. मी दीडला १ घेतला, म्हणजे जवळपास ३४ अंश. यापेक्षा उभा केलात तर परत कंपाउंड वॉल. पण ३४ अंशांवरही सैनिकाचा बेस उभा राहत नाही, घसरतो, आणि हल्ला करणाऱ्याला तर अर्ध्या उतारावर थांबावंच लागतं. इथे मला खात्यातली जुनी युक्ती आठवली. फार उंच भरावाला उतारात मध्येच एक आडवी पायरी सोडतात, तिला बर्म म्हणतात. आमचा भराव टेबलावर ४० मिमी, म्हणजे खरा फक्त २.९ मीटर. एवढ्याला बर्म कुणी देत नाही. पण २० मिमीच्या वॉशरवर चिकटवलेला सैनिक उभा राहायला २२ मिमीची पायरी हवीच होती, आणि भिंतीपेक्षा बर्म परवडला. तो फक्त हल्ल्याच्या बाजूला दिला.

तर एक तुकडा ३०० मिमी लांब. २० मिमी जाडीच्या फोमचे दोन थर. खालचा थर तळाशी २१७ मिमी रुंद, दोन्ही बाजूंनी ३० मिमी तिरका कापला की वर १५७ उरतो. वरचा थर तळाशी १३५, माथ्यावर ७५. वरचा थर मागच्या कडेला जुळवून ठेवला की पुढच्या बाजूला बरोबर २२ मिमीची पायरी राहते. माथा ७५ का? मध्ये ३४ मिमीचा स्लीपर आणि दोन्ही बाजूंना २० मिमीचा एकेक वॉशर. आज स्लीपर नाहीत, उद्या लागतील. १२०० × ६०० मिमीच्या एका शीटमधून असे सहा तुकडे निघतात: ३०० मिमीचे चार उभे पट्टे पाडा, तीन पट्ट्यांत प्रत्येकी दोन खालचे आणि एक वरचा, चौथ्या पट्ट्यात उरलेले तीन वरचे. सहा तुकडे म्हणजे १८०० मिमी. सहा फुटी टेबलावर २९ मिमी उरतात, त्याचं पुढे बघू.

फोम कुठला? थर्माकोल घेऊ नका. ब्लेड लावलं की मणी सुटतात आणि पंख्याखाली घरभर उडतात. गच्चीच्या उष्णतेचं, कोल्ड स्टोरेजचं काम करणाऱ्यांकडे एक्सपीएस शीट मिळते, निळी, गुलाबी किंवा हिरवट. दाणे नसलेली, घट्ट. ते लोक शक्यतो मोठा गठ्ठा विकतात. एक शीट मागितली की आधी नाही म्हणतील. साइटवर उरलेला तुकडा मागा.

कापायला आमच्याकडे गरम तारेचा कटर आहे, त्याची एक गोष्ट आहे. चिंचवडला आमच्या गल्लीमागे एक जण गणपतीत थर्माकोलची मखरं करायचा. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि त्याचा धंदा पुठ्ठ्याकडे वळला. धूळ खात पडलेला कटर त्याने मला दोन चहांत दिला. वर फुकट शिकवलंही: "काका, ढकलायचं नाय. तारेला वाट दाखवायची, ती आपली जाती." मी ढकलत होतो. ढकललं की तार मध्ये मागे राहते, उतार टोकांना बरोबर आणि मध्ये पोट सुटलेला निघतो. तार सैल असली तरी तेच.

उतार सरळ येण्यासाठी ३ मिमी एमडीएफचे दोन साचे करा, भरावाच्या छेदाच्या आकाराचे, हुबेहूब सारखे. प्रत्येक थराला वेगळी जोडी. फोमच्या दोन्ही टोकांना ते टाचण्यांनी टोचा आणि तार दोन्ही साच्यांच्या कडेवरून एकाच वेळी सरकवा. दोघांनी केलं तर बरं: एकाने इकडे मोजायचं "एक, दोन, तीन", दुसऱ्याने तिकडे त्याच आकड्याला त्याच खुणेवर असायचं. साच्याच्या कडेवर १० मिमीवर पेन्सिलच्या रेघा मारल्या की आकडे जुळतात. खिडकी उघडी ठेवा, वितळलेल्या फोमचा धूर वाईट असतो. तार नसेल तर लांब पात्याचा कटर चालतो, पण पातं नवं हवं आणि एका दमात न कापता चार-पाच हलक्या ओढींत कापा.

मग ताबडतोब सगळं बिघडवा. साच्यातून निघालेला उतार साबणाच्या वडीसारखा दिसतो. चार वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या मातीला ओघळ पडतात, वरून सुरू होऊन खाली रुंद होणारे. कटरने बोटभर अंतरावर तीन-चार ओघळ काढा, तळाशी त्यांच्या तोंडाला फोमच्या चुऱ्याचे छोटे ढीग लावा. माथ्याची कड कुठे कुठे अंगठ्याने दाबून बसवा. माझ्या बायकोने हे काम फार छान केलं. तिला सांगितलं होतं, करंजीची कड चुकली असं समज.

चिकटवणं सोपं आहे आणि मी तिथेच पहिला सेट घालवला. घाई होती म्हणून चपलेला लावतात ते पिवळं सोल्यूशन थरांमध्ये लावलं. दहा मिनिटांनी वरचा थर खाली बसला. आत वाटीएवढी पोकळी. फोमला असलं सोल्यूशन, फेविक्विक, स्प्रेचा रंग, काहीही थेट लावायचं नाही, फोम विरघळतो. साधं पांढरं फेविकॉल लावा, पातळ, कडांना आणि मध्ये ठिपक्यांनी. फोममधून हवा जात नाही म्हणून ते आत सावकाश सुकतं, एक दिवस सहज. तोवर थर सरकू नयेत म्हणून उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या तिरक्या खुपसा आणि तशाच राहू द्या. पावसाळ्यात एक दिवस धरू नका, तीन धरा. जुलैमध्ये मी दुसऱ्याच दिवशी वर लेप चढवला आणि आठवड्याने उचलला तर आतून कोंदट वास.

खाली ३ मिमी एमडीएफचा पाया द्या, ३०० × २३० मिमी. फोमच्या बाहेर राहणारी एवढीशी कड निरुपयोगी वाटते, पण अर्धी भांडणं तीच मिटवते. भाचा आणि त्याचा एक मित्र सैनिक भरावावर आहे की भरावामागे यावरून पाऊण तास बोलत नव्हते. आता नियम असा: बेस एमडीएफच्या कडेला टेकला की भरावावर. एमडीएफला दोन्ही बाजूंनी रंगाचा हात मारून घ्या. एकाच बाजूला ओला लेप दिला की तो पापडासारखा वळतो आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात फट पडते.

लेपासाठी भिंतीची पांढरी पुट्टी चार चमचे, फेविकॉल एक चमचा, चाळलेली बारीक वाळू दोन चमचे, आणि रंगवाल्याकडच्या स्टेनरच्या बाटलीतला तपकिरी रंग. पाणी इतकंच की मिश्रण श्रीखंडासारखं राहील. ताक झालं तर ओघळेल, चक्का झाला तर फोम खरवडेल. रंग लेपातच घालायचा, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. जुन्या ब्रशने थापत थापत लावा, ओढू नका. पायरीवर मात्र बोटाने सपाट करा, नाहीतर वॉशर डुगडुगतात.

रंगाबद्दल माझं आणि भाच्याचं वाजलं. त्याला चॉकलेटी माती हवी होती, कारण बाजारातली सगळी तयार टेरेन, म्हणजे टेबलावरची जमीन, चॉकलेटी असते. मनासासची जमीन तांबूस आहे, तिथला खडक लालसर. आपल्या कोकणातल्या जांभ्याइतकी लाल नाही, जांभ्यात दूध ओतल्यासारखी. लाल ऑक्साइडमध्ये पिवळा ऑकर जास्त, काळा दोन थेंब. सुकल्यावर वरून फिकट पिवळट रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवायचा, की ओघळ उठून दिसतात. तीन भराव पाहून भाच्याचं मत बदललं. त्यातला एक दौंडकडच्यासारखा काळा केला होता, मुद्दाम, त्याला दाखवायला.

मातीचा पोत वाळूने येतो. कुणीतरी चहाचा चोथा वाळवून वापरायला सांगेल. रंग अगदी बरोबर असतो, हे खरं. पण आपला चहा साखर घालून उकळलेला. मी चोथा दोन पाण्यांतून काढला, उन्हात वाळवला, भरावावर पसरला, वरून फेविकॉलचं पाणी सोडलं. रविवारी सकाळी जॅक्सनची अख्खी फळी काळ्या मुंग्यांनी जिंकलेली होती. वाळूच वापरा, चहाच्या गाळणीतून चाळलेली.

गवताला तयार स्टॅटिक ग्रास मिळतं, बाहेरून आलेलं, महाग. सुताराकडचा भुसा फुकट असतो. मैद्याच्या चाळणीतून चाळा, हिरवा आणि पिवळट अशा दोन रंगांत भिजवा, पेपरवर वाळवा, मग मिसळा. ऑगस्टअखेरचं गवत एकसारखं हिरवं नसतं. भरावाच्या माथ्यावर गवत कमी, उतारावर जास्त, ओघळांत नाही, आणि तळाशी, जिथे पाणी मुरतं, तिथे दाट. काम बंद पडून काही वर्षं झालेली, तेव्हा उतारावर झुडपं हवीतच. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेल्या तंतूंच्या टोकांना फेविकॉल लावून तो भुशात बुडवला की झुडूप तयार. प्रत्येक तुकड्यावर चार-पाच, सगळी एका ओळीत नकोत. पायरीवर एकही नको, तिथे माणसं उभी राहायची आहेत.

आता मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची वाट. माझ्या मते सहा तुकड्यांत एका तरी तुकड्याला मोरी पाहिजेच, कारण लांब भराव पाणी अडवतो आणि पाणी अडवणारा भराव फार जगत नाही. मी किती मोऱ्या साफ करून घेतल्या त्याचा हिशेब नाही. आत प्लास्टिक, नारळ, एकदा तर सायकल. खेळात मोरीचा उपयोग वेगळाच. सप्टेंबर १९४४मध्ये हॉलंडात अर्नहेमच्या लढाईत ब्रिटिशांची चौथी पॅराशूट ब्रिगेड रेल्वेलाइनच्या उत्तरेला अडकली होती. माणसं भराव चढून ओलांडू शकत होती, गाड्या नव्हत्या. वोल्फहेझेच्या फाटकाखेरीज भरावाखालची एक मोरी सापडली आणि काही जीप तिच्यातून पलीकडे काढल्या. हे भाच्याला सांगितलं, तेव्हा त्याने मोरीचं तोंड एका जीपपुरतं मोठं करायला सांगितलं. मी नकार दिला. व्हर्जिनियातल्या ओढ्याला १८५०च्या दशकातली मोरी पाहिजे: दगडी कमान, रुंदी २५ मिमी, उंची १८, म्हणजे खरी १.८ मीटर रुंद आणि १.३ उंच. माणूस वाकून जाईल. तेवढ्यात खेळाला पुरेशी मजा आहे.

मोरीची तोंडं ५ मिमी फोमच्या वेगळ्या तुकड्यांतून कापा आणि लेपाच्या आधी चिकटवा. दगडांचे सांधे बॉलपेनने दाबून काढता येतात. आडवे थर आधी, सरळ. मग उभे सांधे, वरच्या-खालच्या थरात एकाखाली एक येऊ न देता. कमानीचे दगड चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याकडे वळलेले आणि सगळ्यात वर एक चावीचा दगड, थोडा पुढे आलेला. दोन्ही बाजूंना पंखभिंती, भरावाच्या उताराप्रमाणे खाली उतरत जाणाऱ्या. आतलं भोक आरपार पाडून काळं रंगवा. डोळा लावला की पलीकडचं दिसलं पाहिजे. भाच्याचे मित्र येतात तेव्हा प्रत्येक जण एकदा तरी वाकून मोरीतून बघतो, चाळिशीचे गृहस्थ.

खड्ड्यांचं काय? टेबल खणता येत नाही. मी हिशेब करून पाहिला. आमच्या भरावाचा छेद ५८४० चौरस मिमी भरतो. खड्डा एक मीटर खोल धरला, म्हणजे टेबलावर १४ मिमी, तर तेवढ्या मातीसाठी तो ४१७ मिमी रुंद लागेल, भरावाच्या जवळजवळ दुप्पट. मैदानच उरणार नाही. म्हणून प्रतिकात्मक तीन खड्डे केले: ५ मिमी सनबोर्डमध्ये (फोमचा कडक बोर्ड) लांबट भोक, बाहेरची कड तिरकी घासून जमिनीत मिसळलेली, तळाला पुठ्ठा. एकात पाणी. पाण्यासाठी तळ गढूळ तपकिरी रंगवून वर चमकदार वॉर्निशचे चार पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. हे खड्डे भरावाच्या मागे, जॅक्सनच्या बाजूला ठेवतो. राखीव तुकड्या तिथे बसतात आणि समोरच्याला दिसत नाहीत. पण ते सुटे आहेत. दुसऱ्या लढाईत पुढे ठेवा.

कटिंगचंही तसंच. टेबल खाली जात नाही म्हणून दोन्ही बाजूंना टेकड्या वर आणाव्या लागतात आणि त्यांच्यामध्ये ७५ मिमीची वाट सोडावी लागते. कटिंगच्या आतल्या भिंती भरावापेक्षा उभ्या चालतात, खडकात असेल तर जवळजवळ सरळ. मात्र खेळात कटिंगला नुसता आडोसा समजू नका. गेटिसबर्गला १ जुलै १८६३ रोजी अशाच एका अर्धवट रेल्वेच्या कटिंगमध्ये दक्षिणेच्या सैनिकांनी आसरा घेतला. काही ठिकाणी ते इतकं खोल होतं की त्यांना बाहेर बंदूकच रोखता येईना. वरून उत्तरेचे लोक कडेला येऊन उभे राहिले आणि खालच्यांपैकी कित्येकांना शरण यावं लागलं. आमचा नियम: कटिंगच्या तळातून कडेला न येता गोळीबार नाही.

नियमांचं मी फारसं सांगत नाही, ते ज्याच्या त्याच्या पुस्तकात असतात. तीन गोष्टी फासे टाकायच्या आधी ठरवा: माथ्यावरून पलीकडचं दिसतं का, चढायला किती चाल जाते, आणि पायरीवरच्या माणसाला वरचा मारू शकतो का. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. मनासासला दोन्ही बाजू भरावाच्या अल्याड-पल्याड काही हातांवर येऊन ठेपल्या होत्या. वरच्याला खाली नेम धरायचा तर स्वतः उघडं पडावं लागतं. आम्ही वरच्याला मारू देतो, पण मग त्या फेरीत त्याला आडोशाचा फायदा नाही.

रूळ पुढच्या लढाईसाठी हवे असतील तर भरावावर कायमचे चिकटवू नका. २ मिमी सनबोर्डची ४० मिमी रुंद पट्टी कापा, कडा तिरक्या घासा, तिच्यावर रूळ बसवा आणि पट्टी माथ्यावर नुसती ठेवा. १:७२साठी लोक मॉडेल रेल्वेच्या ओओ किंवा एचओ मापाचा १६.५ मिमीचा रूळ वापरतात. हिशेबाने तो ११८८ मिमीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, होतो. स्टँडर्ड गेज १४३५ आहे, तेव्हा माझ्या डोळ्याला तो मीटर गेजचा मोठा भाऊ वाटतो. कुणाच्या लक्षात येत नाही, माझ्या येतं. गंमत म्हणजे हाच रूळ १५ मिमीच्या, म्हणजे साधारण १:१०० प्रमाणाच्या सैनिकांखाली टाकला तर १६५० मिमी होतो, आणि आपला ब्रॉड गेज आहे १६७६. भारतीय लाइन करायची असेल तर १५ मिमीचे सैनिक घ्या, रूळ आपोआप बरोबर येतो.

खडी बारीक हवी, लोक जाड टाकतात. रुळाखालची खरी खडी २० ते ६५ मिमीची असते, १:७२ने पाव मिमीपासून एका मिमीच्या आत. म्हणजे रवा. (रवा टाकू नका. मुंग्यांचं वर सांगितलंच आहे.) बांधकामावरची क्रश सँड चाळा, ती काळ्या दगडाचीच असते. स्लीपरच्या मध्ये चमच्याने पसरा, कोरड्या ब्रशने रुळाच्या आतून-बाहेरून सारखी करा, स्लीपरच्या डोक्यावर एक दाणा राहू देऊ नका. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब. लिक्विड नसलं तर पाण्याचा थेंब खडीवर गोळी होऊन बसतो आणि सगळे दाणे स्वतःला चिकटवून घेतो. त्याआधी साध्या पाण्याचा हलका फवारा मारला तर काम अजून सोपं.

शेवटी मॅट वॉर्निश, ब्रशने. तुकडे ठेवताना एकावर एक रचू नका, झुडपं बसतात. मी बुटांच्या मोठ्या खोक्यांत एकेक तुकडा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो. नेताना गाडीच्या मागच्या सीटवर, डिकीत नाही. मे महिन्यात बंद डिकीत ठेवलेला एक तुकडा वाकला तो परत सरळ झाला नाही. त्याचाच आम्ही तुटका तुकडा केला, 'द डंप'चा.

आणि ते २९ मिमी. टेबलाच्या एका टोकाला एवढी फट राहायची, तिथे भाचा फाशांचा डबा ठेवायचा. मग मी उरलेल्या फोमची एक पट्टी कापली, तिच्यावर मातीचा ढिगारा, एक उलटलेली हातगाडी आणि टेकून ठेवलेली दोन फावडी. काडेपेटीच्या काड्यांची. परवाच्या खेळात उत्तरेच्या बाजूचा एकच सैनिक तिथपर्यंत पोचला. त्याला आडोसा द्यायचा की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.